प्रतिसाद: फास्टॉल्फला नुसता पळपुटा म्हणणं अन्यायाचं

शंभर वर्षांच्या युद्धात फ्रान्समधल्या पाते इथे इंग्रज हरले (जून १४२९), आणि तिथल्या माघारीवरून वरच्या पोस्टमध्ये इंग्रज सेनानी सर जॉन फास्टॉल्फला पळपुटा ठरवलंय, ते मला अजिबात पटत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत रूव्रेच्या लढाईत यानेच काय केलं ते बघा. ऑर्लेआँच्या वेढ्यातल्या इंग्रज सैन्यासाठी तो रसद नेत होता, लेंटचे (ख्रिस्ती उपवासाचे, मांस वर्ज्य असलेले) दिवस म्हणून गाड्यांत खारवलेले हेरिंग मासे. मोठी फ्रेंच-स्कॉटिश फौज समोर येताच त्याने गाड्यांचं रिंगण केलं, तीरंदाजांपुढे टोकदार खुंट रोवले आणि हल्ला परतवला. पातेला दुसरा इंग्रज सेनापती टॅल्बट पकडला गेला नि खापर याच्यावर फुटलं. पण मोडलेल्या फळीतून उरलेली माणसं वाचवणं याला भित्रेपणा कसं म्हणायचं? नंतरही तो कित्येक वर्षं नॉर्मंडीत जबाबदारीच्या पदांवर होताच.

जमीनदार म्हणून तर तो फारच पक्का. बायकोकडून आलेल्या, इंग्लंडमधल्या कासल कूम गावच्या कुळांकडूनच तो आपल्या शिपायांसाठी दरसाल शंभर पौंडांहून जास्तीचं लाल-पांढरं कापड घ्यायचा. गाव त्यावर भरभराटीला आलं. युद्धातल्या कमाईतून नॉरफोकमध्ये केस्टरचा विटांचा किल्ला बांधला. मूल नव्हतं. १४५९ मध्ये तो गेला आणि मृत्युपत्रावरून, त्याच्या मालमत्तेवर वारस म्हणून हक्क सांगणाऱ्या जॉन पॅस्टनच्या घराण्यामागे वर्षानुवर्षं भांडणं लागली. १४६९ मध्ये नॉरफोकच्या ड्यूकने केस्टरला वेढाच घातला.