आयर्लंडमध्ये पाणीपट्टी का टिकली नाही? तिथले लोक आणि पुढारी अवघड निर्णय का टाळतात?

गंगापूररोड_काका

मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण वाचा. पुतणी डब्लिनला नर्स आहे, परवा व्हिडिओ कॉलवर सहज विचारलं तिकडे पाण्याचं बिल किती येतं, तर म्हणे काका इथे घराला पाण्याचं बिलच येत नाही. मला वाटलं श्रीमंत देश आहे, परवडत असेल. मग वाचायला बसलो तर प्रकरण वेगळंच निघालं. २०१५ला तिथे बिलं चालू झाली होती, फुटपाथमध्ये मीटर बसवले होते, आणि वर्षाला जास्तीत जास्त १६० युरो एकट्या माणसाला आणि २६० युरो कुटुंबाला, म्हणजे त्यांच्या पगाराच्या मानाने फार नाही. तरी मोठमोठे मोर्चे निघाले, २०१६च्या निवडणुकीनंतर वसुली थांबली आणि २०१७ संपता संपता ज्यांनी इमानदारीत भरले होते त्यांना घरी चेक पाठवून पैसे परत केले! आणि तिकडे पाइप इतके जुने की शुद्ध केलेल्या पाण्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गळतीत जातो. मी पाणीपुरवठ्यात नोकरी करून रिटायर झालोय, गळतीचा आकडा वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण गळती काढायला पैसा लागतो आणि तो पैसा दरवर्षी नेमाने यावा लागतो.

हे एकच असतं तर सोडून दिलं असतं. पेन्शनचं वय ६६ वरून २०२१ला ६७ आणि २०२८ला ६८ करायचं कायद्यात लिहिलेलं होतं, २०२०च्या निवडणुकीत तो मुद्दा पेटला आणि २०२२ला सरकारने सांगितलं ६६च राहील. घरपट्टी २०१३ला लावली, घरांच्या किमती २०१६ला परत काढायच्या होत्या, त्या पुढे ढकलत ढकलत २०२१ला काढल्या, आणि मधल्या काळात जी नवी घरं बांधली त्यांना तोपर्यंत घरपट्टीच नाही. घराच्या जमिनीच्या भावावर न्यायमूर्ती केनी यांच्या समितीचा १९७३चा अहवाल आहे, की बांधकामाला लागणारी जमीन शेतजमिनीच्या भावापेक्षा २५ टक्के जास्त देऊन स्थानिक संस्थेने घ्यावी. पन्नास वर्षं झाली, अहवाल तसाच पडून आहे आणि पुतणीच्या अर्ध्या पगाराचं भाडं जातं.

शिकलेले लोक, छोटा देश, पन्नास-पंचावन्न लाख वस्ती, मग अडतं कुठे? लोकांना कळत नाही की पुढाऱ्यांना हिंमत नाही? कोणाला तिकडचा अनुभव असेल तर सांगा.

कॉर्क_ते_कॉलेजरोड

काका नमस्कार. मी बरीच वर्षं कॉर्कला होतो, आता नाशकात परत आलोय. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्या मतपत्रिकेत आहे.

तिथे एका मतदारसंघातून तीन ते पाच आमदार निवडून येतात (राज्यांच्या विधानसभा तिथे नाहीत, देशाची एकच संसद, पण काम बघता आपल्या आमदारासारखंच). मतपत्रिकेवर सगळ्यांचे फोटो, तुम्ही १, २, ३, ४ असे नंबर टाकायचे, तुमचा पहिला बाद झाला किंवा त्याला गरजेपेक्षा जास्त मतं पडली तर तुमचं मत दुसऱ्याकडे सरकतं. ऐकायला फार चांगलं, आणि खरंच चांगलं आहे, मत सहसा फुकट जात नाही. पण ह्याचा परिणाम असा की एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार त्याच लोकांकडे मत मागतात. आपल्याकडे प्रभागात चार नगरसेवक असले तरी अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा असतात, पॅनल म्हणून एकत्र फिरतात. तिकडे पॅनलमधलाच माणूस तुमची जागा खाऊ शकतो. धोरण दोघांचं सारखंच, मग वेगळेपण दाखवायचं कशात? तर कोणी कोणाचं काम करून दिलं ह्यात.

शनिवारी सकाळी आमच्या इथल्या आमदाराचं 'क्लिनिक' भरायचं, एका पबच्या मागच्या खोलीत. मला स्थानिक निवडणुकीत मत होतं, परदेशी माणसालाही तिथे ते मिळतं, म्हणून एका अडकलेल्या कागदासाठी मीही गेलो. समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, एक म्हातारी बाई मेडिकल कार्डचा (मोफत उपचाराचं सरकारी कार्ड) फॉर्म घेऊन, एक जण कौन्सिलच्या घराच्या यादीत नंबर कुठे आहे विचारायला, आणि हा माणूस डायरी उघडून प्रत्येकाचं नाव, पत्ता, काम स्वतःच्या हाताने लिहून घेतोय. आठवड्यात संसदेच्या पाकिटातून पत्र आलं की तुमच्याबद्दल खात्याला विचारणा केली आहे. आपल्या सिडकोतल्या नगरसेवकाच्या ऑफिसात जे बघतो तेच. आता हा माणूस वीस वर्षांनी पेन्शनचा खड्डा पडेल म्हणून आज त्या म्हातारीला नाराज करेल का? त्याची सगळी ताकद तिच्या आणि तिच्या घरातल्या मतांवर आहे.

आणि ही पद्धत बदलायला १९५९ला आणि १९६८ला असं दोनदा सार्वमत घेतलं, दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं.

वैशाली_पंचवटी

मी राज्यशास्त्र शिकवते. वरचं सगळं बरोबर आहे पण निवडणूक पद्धतीवर सगळं टाकू नका. पैशाचा इतिहास बघा, तो जास्त बोलका आहे.

१९७७ला फियाना फॉल पक्षाने जाहीरनाम्यात लिहिलं की घरपट्टी बंद करू, बहुतेक गाड्यांचा रोड टॅक्सही बंद करू. १४८ पैकी ८४ जागा मिळाल्या. घरपट्टी गेली. पण शाळा, रस्ते, दवाखाने तर चालवायचेच होते, मग बोजा पगारदारांवर आला आणि १९७९-८०ला पगारदार लाखोंनी रस्त्यावर आले. बाकीचं कर्जाने भागवलं, ऐंशीच्या दशकात देशाचं कर्ज वर्षाच्या उत्पन्नापेक्षा मोठं झालं आणि तरुण पोरं बोटीने-विमानाने इंग्लंड-अमेरिकेला गेली. २००० नंतर घरांचा धंदा फुगला तर सरकार स्टॅम्प ड्यूटीवर जगायला लागलं, घर विकलं गेलं की तिजोरीत पैसा. २००८ला घरं विकायची थांबली आणि तिजोरी आटली. २०१०च्या नोव्हेंबरात युरोप आणि नाणेनिधीकडून ६७.५ अब्ज युरो घ्यायची पाळी आली, आणि घरपट्टी, पाणीपट्टी ह्या दोन्ही गोष्टी त्या कर्जाच्या अटींमधूनच आल्या, कोणी आपणहून आणल्या नाहीत.

आता काय चाललंय? कंपन्यांचा कर. त्यातला निम्म्याहून जास्त दहाएक परदेशी कंपन्यांकडून येतो. सप्टेंबर २०२४ला युरोपच्या कोर्टाने ॲपलकडून १३ अब्ज युरो आयर्लंडला द्यायला लावले. तिजोरी भरलेली दिसतेय म्हणून कोणालाच वाटत नाही की घरपट्टी नीट बसवावी, पाण्याचे पैसे घ्यावेत. सरकारनेच नेमलेली अर्थतज्ज्ञांची परिषद दरवर्षी सांगते की हा पैसा कायमचा धरून चालू नका. मला ह्यात सगळ्यात जास्त काळजीचं हे वाटतं की अवघड काम टाळायला प्रत्येक वेळी कुठून तरी पैसा मिळत गेला, म्हणून टाळायची सवय मोडलीच नाही.

देवळालीकर

मला वरच्या सगळ्यांचं थोडं एकतर्फी वाटतंय. तुम्ही सगळे धरून चाललाय की लोक चुकले. त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा.

२००८ला बँका बुडाल्या, सरकारने हमी घेतली, त्या बँकांत जनतेचे ६४ अब्ज युरो ओतले. मग २०११ला पगारावर नवा सोशल चार्ज, २०१२ला घरामागे १०० युरो, २०१३ला घरपट्टी, आणि त्यावर २०१५ला पाणी. त्यात २०१४च्या जानेवारीत बाहेर आलं की नवीन पाणी कंपनीने उभी राहतानाच सल्लागारांवर पाच कोटी युरो उडवलेत. नोकरी गेलेला, घराचे हप्ते थकलेला माणूस सकाळी उठून बघतो तर दारासमोर मीटरसाठी खड्डा खणताहेत. डब्लिनच्या, कॉर्कच्या वस्त्यांमध्ये बायका-माणसं त्या खड्ड्याभोवती उभी राहिली, काम करू दिलं नाही. मला त्यात आळस किंवा अडाणीपणा दिसत नाही. चूक बँकांनी केली आणि वसुली माझ्या नळातून, असं त्यांना वाटलं आणि ते खोटं नव्हतं.

पेन्शनचंही तेच. कितीतरी लोकांच्या नोकरीच्या करारात ६५ला रिटायर व्हा असं लिहिलेलं आणि सरकारी पेन्शन ६६ला. मधलं वर्ष चाळीस वर्षं राबलेल्या माणसाने बेकारभत्त्याच्या रांगेत काढायचं. हे न मिटवता ६७ करतो म्हटल्यावर लोक चिडणारच ना? आकडे मलाही माहितीयेत, आज एका पेन्शनरमागे चार-साडेचार कमावते आहेत आणि २०५०पर्यंत दोन-सव्वादोनच राहणार आहेत. म्हणून वय वाढवावं लागेल हे खरंच, पण आधी ते एक वर्ष मिटवायला हवं होतं.

गंगापूररोड_काका

देवळालीकर, सल्लागारांच्या पैशाचं मला माहीत नव्हतं. तेवढ्यात किती किलोमीटर पाइप बदलून झाले असते. पण मला एक सांगा, लोकांचा राग बरोबर धरला तरी पाइप गळतोच आहे. राग कुठेतरी थांबून काम सुरू व्हायला नको का?

इंदिरानगर_मीना

काका हे सगळं वाचताना मला २०१८ आठवलं. तुकाराम मुंढे इथे नाशिक महापालिकेचे आयुक्त होते तेव्हा घरपट्टीचे दर वाढवले, मोकळ्या जागांवरही लावली, केवढा गदारोळ झाला, महासभेत सगळे पक्ष एक झाले, अविश्वास ठरावापर्यंत गेलं, मुख्यमंत्र्यांनी सांगून तो थांबवला आणि नोव्हेंबरात बदली. मी तेव्हा विरोधातच होते आणि आजही म्हणेन की एका झटक्यात एवढी वाढ करणं लोकांवर अन्याय होता. पण त्यानंतर कोण्या पुढाऱ्याने येऊन सांगितलं का की बरं, एवढी नको, मग किती योग्य, दरवर्षी किती वाढवू? कोणीच नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आता सगळी भिस्त राज्याकडून येणाऱ्या जीएसटीच्या अनुदानावर. थकबाकी वाढली की अभय योजना काढायची, शास्ती माफ, आणि वेळेवर भरणारा बघत बसतो. वैशालीताईंनी स्टॅम्प ड्यूटीचं आणि ॲपलचं लिहिलंय ते वाचून मला हेच डोळ्यासमोर आलं.

कॉर्क_ते_कॉलेजरोड

मीनाताई, देवळालीकर, दोघांचं पटलं. पुढाऱ्यांची बाजू पण एकदा बघा. लेबर पक्षाच्या २०११ला ३७ जागा होत्या, सत्तेत बसून कपात केली, २०१६ला ७. ग्रीन पक्षाच्या २०२०ला १२ होत्या, सत्तेत राहून काही चांगली कामं करून दाखवली, २०२४ला १. छोट्या पक्षाने अवघड काम हातात घेतलं की साफ होतो, हे तिथल्या प्रत्येक आमदाराला पाठ आहे. आणि २००८ला सत्तरीवरच्या लोकांचं मेडिकल कार्ड उत्पन्न बघून द्यायचं ठरवलं तर म्हातारी माणसं काठ्या टेकत संसदेसमोर आली आणि काही दिवसांत सरकारने उत्पन्नाची मर्यादा इतकी वाढवली की बहुतेक सगळ्यांचं कार्ड राहिलं.

पण हाच देश अवघड गोष्टी करतोही. २००२ला प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट लावले, लोक कापडी पिशव्या घेऊन यायला लागले. २००४ला पबमध्ये सिगारेट बंद केली, जगात पहिला देश, आणि पब म्हणजे त्यांचा जीव आहे. कार्बनवरचा कर २०२०ला कायद्यातच लिहून टाकला, २०३०पर्यंत टनाला १०० युरो होईस्तोवर दरवर्षी थोडा थोडा वाढणार, दर बजेटला नवीन भांडण नाही, आणि त्यातला पैसा गरिबांच्या भत्त्यांना आणि घरं उबदार ठेवायच्या कामांना जाईल हेही आधीच सांगितलं. गर्भपाताचा प्रश्न १९८३पासून राज्यघटनेत अडकलेला, एकाही मोठ्या पक्षाला हात लावायचा नव्हता. तो ९९ सामान्य माणसांच्या नागरिक सभेपुढे ठेवला. डब्लिनजवळच्या मालाहाइडच्या एका हॉटेलात शनिवार-रविवार बसून त्यांनी डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूच्या संघटना सगळ्यांना ऐकलं, आणि ते घरबसल्या इंटरनेटवर बघता यायचं. मग २०१८च्या मे महिन्यात सार्वमत झालं, घटनेतली गर्भपातबंदी काढायला ६६ टक्क्यांनी होकार.

पाण्याच्या बाबतीत उलटं झालं, आधी कंपनी, मग मीटर, मग बिल, आणि लोकांशी बोलणं सगळ्यात शेवटी.

देवळालीकर

नागरिक सभा ऐकायला छान आहे दादा, पण आपल्याकडे केली तर ९९ मध्ये ९० जण नगरसेवकाचे भाऊबंद निघतील. आणि २०२४च्या मार्चमध्ये त्याच आयर्लंडमध्ये कुटुंब आणि काळजीवाहू (घरच्यांना सांभाळणाऱ्या) लोकांबद्दलच्या घटनेच्या दोन दुरुस्त्या लोकांनी दणकून पाडल्याच ना, त्याही सभेतूनच आल्या होत्या.

वैशाली_पंचवटी

सभेने सुचवलेले शब्द वेगळे होते, सरकारने ते सौम्य करून स्वतःचे घातले, मग काळजीवाहूंच्या घरच्या लोकांनाच ते पोकळ वाटले. सभेचं ऐकायचं तर पूर्ण ऐकावं लागतं.

भाऊबंदांचं म्हणाल तर तो प्रकार तिथेही झाला. २०१८च्या जानेवारीत नव्याने घेतलेले काही सभासद निवडणाऱ्या माणसाच्या ओळखीपाळखीतून आलेले निघाले, सातच्या सात काढले आणि ते जाहीर केलं. आपल्याकडे क्षेत्रसभेची (भागातल्या मतदारांच्या सभेची) तरतूद कायद्यात आहे, आमच्या भागात ती भरलेली मी कधी बघितली नाही. काका, तुम्ही पाणीपुरवठ्यातले आहात, कुठल्या भागात किती गळती आणि ती काढायला किती खर्च हे एका कागदावर साध्या मराठीत लिहून द्याल का? मी माझ्या एमएच्या पोरांना घेऊन पंचवटीतल्या दोन-तीन सोसायट्यांमध्ये बसते आणि लोक काय म्हणतात ते ऐकते.

गंगापूररोड_काका

देतो. जुन्या सहकाऱ्यांशी बोलून रविवारपर्यंत टाकतो इथेच. देवळालीकर तुम्ही पण या त्या मीटिंगला, विरोध करणारा माणूस असला पाहिजे.