पिवळा लागला: थांबायचं की निघायचं?

परदेशात गाडी चालवणाऱ्यांनी इथे लिहावं: तुमच्याकडे सिग्नलचा पिवळा दिवा किती सेकंद असतो, चौकातला कॅमेरा नेमकं काय टिपतो, नवखा माणूस कुठे फसतो. 'गाडी सावकाश चालवा' हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून लिहा.

*

अमेरिकेत पिवळ्याचा वेळ सूत्राने काढतात. भान यायला 1 सेकंद, अधिक गाडी थांबायला जितका वेळ लागेल त्याच्या निम्मा. दर सेकंदाला वेग 10 फूट प्रतिसेकंदाने कमी होईल, असं धरलेलं असतं. त्यामुळे ताशी 35 मैलांच्या रस्त्यावर साधारण 3.6 सेकंद मिळतात, 45 च्या रस्त्यावर 4.3.

45 च्या वेगाने 4.3 सेकंदांत गाडी 284 फूट जाते, आणि थांबायलाही तेवढंच अंतर लागतं. पिवळा लागताना थांबरेषा त्याहून जवळ असेल तर निघा, लांब असेल तर ब्रेक. फूट मोजायला रस्त्यावरच पट्टी आखलेली आहे: लेनचा तुटक पट्टा 10 फुटांचा, पुढची फट 30 फुटांची, म्हणजे एक जोडी 40 फूट. 45 च्या वेगाला सात जोड्या, 35 ला साडेचार. ती जागा हिरवा असतानाच हेरून ठेवायची. पिवळा लागल्यावर मोजायला बसलात तर भान यायचा एक सेकंद त्यातच खर्च झाला. आणि हा हिशोब सपाट, कोरड्या रस्त्याचा. पावसात थांबायचं अंतर वाढतं, पिवळा मात्र तेवढाच राहतो. म्हणून ओल्या रस्त्यावर आधीच वेग उतरवून चौकाकडे या.

*

वरच्या सूत्रात एक मेख आहे. ते सरळ जाणाऱ्यासाठी बेतलेलं होतं. वळणारा वेग उतरवत येतो, त्याला तोच पिवळा अपुरा पडतो. ऑरेगनमधले मॅट्स यार्लस्ट्रॉम यांनी हे गणिताने दाखवलं, तर परवाना नसताना इंजिनियरिंग केलं म्हणून राज्याच्या मंडळाने त्यांनाच 500 डॉलर दंड ठोठावला! पुढे ते कोर्टात जिंकले आणि 2020 साली वळणाऱ्या लेनसाठी सूत्रात सुधारणा झाली. तरी प्रत्येक चौकातला टायमर बदलला असेल या भरवशावर वळू नका.

*

कॅमेऱ्याचं थोडं. थांबरेषेपाशी डांबर कापून पुन्हा भरल्याचे चौकोनी व्रण दिसतात, त्याखाली गाडी हेरणारी तारेची वेटोळी असतात. (हल्ली काही ठिकाणी रडार असतं, मग व्रण दिसत नाहीत.) लाल लागेपर्यंत कॅमेरा गप्प असतो. लाल असताना गाडी रेषा ओलांडायला लागली की पहिला फोटो, चौकाच्या मध्यात दुसरा. पिवळ्यात रेषा ओलांडून मध्ये असताना लाल झाला, तर अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत तो गुन्हा नाही. निमूट चौक मोकळा करा.

लालवर उजवीकडे वळायची मुभा आहे, पण आधी रेषेमागे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. सरपटत वळलात तरी तिकीट, म्हणजे दंडाची नोटीस, येतं. न्यूयॉर्क शहरात तर मुभेचा फलक असल्याशिवाय लालवर वळायचंच नाही. तिथे कॅमेऱ्याचं तिकीट 50 डॉलरचं, गाडीमालकाच्या नावे, परवान्यावर दंडाचे पॉइंट नाहीत. टेक्सासने 2019 मध्ये या कॅमेऱ्यांवर कायद्याने बंदीच आणली.

पादचाऱ्यांच्या सिग्नलवर उलटे मोजत जाणारे आकडे बघून वेग वाढवणारे पुष्कळ. शून्याला पिवळा लागेलच असं नाही. कधी आकडे संपूनही हिरवा राहतो. शून्य जवळ आलं की ब्रेकवर पाय, एवढ्यापुरतेच ते कामाचे.

*

जर्मनीत 50 किलोमीटरला पिवळा 3 सेकंद, 60 ला 4, 70 ला 5. लाल लागून एक सेकंद झाला की नाही यावर सगळं ठरतं. त्या सेकंदाच्या आत गेलात तर 90 युरो आणि 1 पॉइंट. सेकंद उलटल्यावर गेलात तर 200 युरो, 2 पॉइंट आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. नुसती रेषा ओलांडून लगेच थांबलात तर 10 युरोंवर भागतं. फ्लॅश पडला म्हणून घाबरून पुढे निघून जाणारे दहाचे दोनशे करून घेतात.

अमेरिकेतून आलेल्यांसाठी: इथे सिग्नल चौकापलीकडे नसतो, रेषेजवळच असतो. पुढे सरकून थांबलात तर दिवाच दिसत नाही. शेजारच्या ऑस्ट्रियात पिवळ्याआधी हिरवा चार वेळा लुकलुकतो, तेवढी आगाऊ सूचना मिळते. ती सवय घेऊन इकडे येऊ नका.

*

ब्रिटनमध्ये वेग कितीही असो, पिवळा 3 सेकंदच, आणि त्याचा अर्थ 'थांबा'. रेषा ओलांडून झाली असेल किंवा थांबल्याने अपघात होईल इतके जवळ असाल तरच सूट. हिरव्याआधी लाल-पिवळा एकत्र लागतो, तेव्हाही निघायचं नाही. नेहमीचा दंड 100 पौंड आणि 3 पॉइंट. गाडी भाड्याची असेल तर नोटीस आधी कंपनीकडे जाते, ती तुमचं नाव कळवते आणि त्याचं वेगळं शुल्क कार्डावरून कापते. तुमच्या नावाची नोटीस आली की चालक कोण होता हे 28 दिवसांत कळवावंच लागतं, नाहीतर तो निराळा गुन्हा.

*

दुबईत लाल तोडला तर 1000 दिरहम, 12 ब्लॅक पॉइंट आणि गाडी 30 दिवस जप्त. हिरवा लुकलुकायला लागला की वेग वाढवायचा नाही.

*

ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समध्ये, चौकातले बरेच कॅमेरे वेगही मोजतात, तेही हिरव्यावर. पिवळा गाठायला दाबलेला ॲक्सिलरेटर दिवा हिरवा असतानाच महागात पडतो.