बर्लिन: गुलाबी पाइप आणि कचरापेटीशेजारच्या बाटल्या

प्रश्न: रस्त्यावर कमानी करत जाणारे हे गुलाबी पाइप कसले? आणि रिकाम्या बाटल्या लोक कचरापेटीशेजारी का मांडतात? नैवेद्य आहे की काय?

उत्तर: सांडपाणी नव्हे, भूजल. बर्लिनमध्ये बऱ्याच ठिकाणी २-३ मीटरवरच पाणी लागतं, पाया खणला की खड्डा भरतो. म्हणून उपसून कालव्यात किंवा श्प्रे नदीत सोडतात. बांधकाम उरकलं की पाइप गायब.

उत्तर: नैवेद्यच समजा! बिअरच्या बाटलीवर बहुधा ८ सेंट, कॅनवर २५ सेंट अनामत असते. बाटल्या वेचणाऱ्यांना पेटीत हात घालावा लागू नये, एवढंच.

उत्तर: स्वतः परत करायची तर सुपरमार्केटच्या मशीनमध्ये बुडाकडून सरकवा, चिठ्ठी काउंटरवर द्या. कॅन मात्र चेपू नका. बारकोड वाचता आला नाही की मशीन परत ढकलतं.