ऋण प्रबलन म्हणजे शिक्षाच ना? (बागेतली माकडं)

एफवायबीए_रत्नागिरी:
मानसशास्त्राच्या सरावाच्या पेपरातला प्रश्न: बागायतदार सुतळी बॉम्ब लावतो, माकडं हापूसची कलमं सोडून पळतात. गाइडात उत्तर 'ऋण प्रबलन'. पण ऋण म्हणजे वाईट, मग ही शिक्षाच ना?

शिकवणी_चिपळूण:
ऋण म्हणजे वाईट नव्हे, वजाबाकी. काहीतरी निघून गेलं, एवढंच. प्रबलनात वर्तन वाढतं, शिक्षेत घटतं. आता कोणाचं वर्तन ते आधी ठरवा, इथे तीन आहेत. बॉम्ब लावला, माकडांचा त्रास टळला, म्हणून बागायतदार उद्याही लावणार: ऋण प्रबलन. माकड पळालं, आवाजातून सुटलं, पुढच्या खेपेला लवकर पळेल: पळण्याचं ऋण प्रबलन. बागेत शिरणं कमी झालं तरच ती शिक्षा, आणि तीसुद्धा 'धन', कारण आवाजाची भर पडली. गाइडवाल्याने वर्तन कोणाचं तेच लिहिलेलं नाही, म्हणून सगळा घोळ.

कलमवाला:
आणि काही दिवसांनी माकडं ढिम्म हलत नाहीत, तेव्हा शिक्षा कसली? रोज तोच आवाज, इजा काही नाही: हे सवयीकरण. शिवाय आंबा मिळतोच, म्हणजे बागेत येण्याला धन प्रबलन चालूच! वेळ आणि जागा बदलत राहिलं तर सवयीकरण लांबतं, थांबत नाही.

एफवायबीए_रत्नागिरी:
अजून एक. मासेवाल्याच्या हॉर्नला मांजराला लाळ सुटते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, मासेवाला फिरकत नाही. हे विलोपन?

शिकवणी_चिपळूण:
नाही. विलोपन म्हणजे शिकलेली प्रतिक्रिया विरत जाणं. त्याला हॉर्न वाजायला हवा आणि मासळी मिळता कामा नये, तेही पुन्हा पुन्हा. बंदीत हॉर्नच नाही. नुसते दिवस गेल्याने विलोपन होत नाही. म्हणून ऑगस्टात पहिल्याच पोंपोंला मांजर फाटकात. हे धावणं मात्र अभिजात अभिसंधानात (खुणेला आपोआप होणारी, शिकलेली प्रतिक्रिया) घालू नका. धावलं की माशाचं डोकं मिळतं, म्हणून ते साधक अभिसंधान, म्हणजे परिणामातून शिकलेलं वर्तन. अभिजात फक्त लाळ. अभिजात अभिसंधान शोधणाऱ्या पाव्हलॉव्हनेही कुत्र्यांची लाळच थेंबांत मोजली.

पावसात पाववाला तसाच हॉर्न वाजवत रोज फिरला तर मात्र विलोपन होईल. मग तो चार दिवस आला नाही आणि पाचव्या दिवशी हॉर्न वाजला, तर लाळ थोडी पुन्हा सुटेल. ती उत्स्फूर्त पुनःप्राप्ती. पहिल्यापेक्षा कमजोर असते.