लिलावातील व्हिक्टोरियन खुर्ची : नवे कापड चढवलेली घ्यावी का?

प्रश्न – लीड्सनिवासी

नमस्कार. गेली सहा वर्षे आम्ही लीड्समध्ये राहतो. नुकत्याच घेतलेल्या घराच्या बैठकीच्या खोलीसाठी एखादी जुनी इंग्रजी खुर्ची घ्यावी, असे मनात आहे. जवळच्या लिलावगृहाच्या यादीत बसक्या घडणीची, हात नसलेली, पाठीला खोल गुंड्या ओढलेली एक खुर्ची आली आहे. वर्णनात ‘व्हिक्टोरियन, सुमारे १८६०, अक्रोडाचे पाय, अलीकडे नवे कापड’ एवढेच लिहिले असून अंदाजित किंमत १५० ते २५० पौंड दिली आहे. लाकडी टेबल असते तर उलटेपालटे करून काहीतरी अंदाज बांधता आला असता. पण जिथे सगळेच कापडाखाली झाकलेले आहे, तिथे नेमके काय पाहावे, हे कळत नाही. शिवाय नव्या सोफ्याला आगीसंबंधीची जी चिठ्ठी शिवलेली असते, ती या खुर्चीला नाही. त्यामुळे ती विकणे वा घेणे नियमबाह्य तर ठरत नाही ना? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – चुका आणि हातोडी

आधी चिठ्ठीविषयी. ब्रिटनमधील १९८८ चे फर्निचरच्या अग्निसुरक्षेचे नियम १ जानेवारी १९५० पूर्वी बनवलेल्या वस्तूंना लागू होत नाहीत, आणि अशा वस्तूंवर नव्याने चढवलेल्या साहित्यालाही त्यांतून सूट आहे. तेव्हा चिठ्ठी नसणे हा दोष नव्हे. मात्र कायद्याची सूट मिळाली म्हणून फोम जळायचा थांबत नाही, आणि मूळ भरण काढून मध्येच कधीतरी फोम कोंबलेल्या जुन्या खुर्च्या पुष्कळ असतात.

मी चार हिवाळे संध्याकाळच्या वर्गात गादीकाम शिकलो. त्या अनुभवावरून सांगतो, की तुम्ही विकत घेता तो सांगाडा. कापड हा त्याचा सध्याचा अंगरखा आहे. पाहणीच्या दिवशी तिथल्या माणसाची परवानगी घेऊन खुर्ची आडवी करा आणि बुडाचे काळे कापड एखाद्या कोपऱ्यात सैल असेल तर आत विजेरी मारा. बैठकीच्या आडव्या पट्ट्या बहुधा बीच लाकडाच्या असतात, कारण त्यात चुका (कापड ठोकण्याचे बारीक खिळे) चांगल्या धरून राहतात. १८६० ची खुर्ची आजवर चार-पाच वेळा तरी नव्याने मढवली गेली असणार, म्हणजे त्या पट्टीची कडा चुकांच्या जुन्या भोकांनी चाळणीसारखी झालेली दिसली पाहिजे. तिथे गुळगुळीत लाकूड आणि स्टेपलची एकच ओळ दिसली, तर ती खुर्ची विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नक्कल समजावी. याच्या उलट, भोके इतकी झाली असतील की पट्टीचा भुगाच होत आला आहे, तर तिथे नवी चूक धरणार नाही आणि सुताराचा खर्च वेगळा निघेल.

दुसरी परीक्षा हाताची. बैठकीवर तळवा दाबून सोडा. घोड्याच्या केसांचे भरण किंचित करकरते आणि सावकाश वर येते. फोम आवाज न करता चटकन उसळतो. केस मूळचे असतील तर ते सोन्यासारखे जपावेत, कारण ते धुऊन, पिंजून पुन्हा वापरता येतात. गादीवाल्याने ‘टाकून देतो’ म्हटले, तर त्याला आधी थांबवा.

बीच लाकूड किड्यालाही तितकेच आवडते. एक-दोन मिलिमीटरची गोल भोके दिसली म्हणून घाबरू नये. भोकांच्या कडा धारदार व स्वच्छ असतील आणि खाली फिकट ताजा भुसा पडलेला असेल, तर मात्र कीड जिवंत आहे.

उत्तर २ – एकदा पोळलेली

वरील सगळे पटते. मी फक्त पैशांबद्दल लिहिते. एका लिलावात मी अशीच खुर्ची केवळ तिच्या सुंदर हिरव्या मखमलीवर भाळून २२० पौंडांना घेतली. बोलीवर २५ टक्के खरेदीदाराचे शुल्क आणि त्या शुल्कावर २० टक्के व्हॅट असा हिशेब होऊन हाती आलेले बिल २८६ पौंडांचे होते. घरी आणल्यावर महिन्याभरात पाठीच्या गुंड्या एकेक करून निसटू लागल्या, कारण त्या दोऱ्याने ओढून बांधण्याऐवजी चक्क डिंकाने चिकटवल्या होत्या. आत पिवळा पडून भुरभुरणारा फोम होता. सगळे काढून पारंपरिक पद्धतीने भरायला मला ९०० पौंड सांगितले गेले, तेही कापड सोडून. प्रत्यक्ष हजर राहता येते अशा सार्वजनिक लिलावात चौदा दिवसांत वस्तू परत करण्याचा ग्राहकहक्क लागू होत नाही, हे मला तेव्हा कळले. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की ‘अलीकडे नवे कापड’ ही जमेची बाजू समजू नये. फाटकी, आतले केस बाहेर आलेली खुर्ची निदान खोटे बोलत नाही.

उत्तर ३ – छिटाचा नाद

पुढे कापड बदलणार असाल, तर एक सुचवतो. फुलापानांच्या छापील सुती कापडाला इंग्रज ‘चिंट्झ’ म्हणतात, तो शब्द आपल्याच चीट-छीट या कुळातला. हिंदुस्थानातून येणारी ही कापडे विलायतेत इतकी लोकप्रिय झाली, की तिथल्या विणकरांच्या दबावाखाली १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड अंगावर घालण्यास आणि घरच्या सामानावर चढवण्यासही बंदी केली गेली; ती १७७४ पर्यंत टिकली. तुमच्या खुर्चीच्या काळापर्यंत मात्र इंग्लंड स्वतःच ढिगाने चीट छापू लागला होता, तेव्हा ती त्या खुर्चीवर मुळीच परकी दिसणार नाही. फक्त मोठी नक्षी निवडू नका: खोल गुंड्यांच्या घड्यांत फुले गिळली जातात आणि नक्षी जुळवताना कापडही जास्त लागते.

प्रश्नकर्ता – लीड्सनिवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पाहणीला जाऊन आलो. बुडाचे कापड एका कोपऱ्यात सुटलेलेच होते. समोरच्या पट्टीवर भोकांच्या तीन-चार वेड्यावाकड्या ओळी दिसल्या, आणि पुढच्या पायाच्या पितळी चाकावर ‘कोप अँड कॉलिन्सन’ (व्हिक्टोरियन काळातले चाके बनवणारे कारखानदार) असा झिजलेला ठसा लागला. बैठक दाबल्यावर करकरली. पाठ मात्र गप्पच उसळली, म्हणजे तिथे फोम आहे. मागच्या डाव्या पायाजवळ भोके आहेत, पण त्यांच्या कडा मळलेल्या आहेत आणि खाली भुसा नाही. पाठ नव्याने भरावी लागेल हे धरून मी बोलीची मर्यादा १२० पौंड ठरवली आहे, म्हणजे शुल्कासह १५६. लिलाव गुरुवारी आहे.