घरीच वेब डिझाइन शिकतोय, पण मोबाइलवर सगळं बोंबललंय

बारववेडा: नमस्कार मंडळी, वय 46, नोकरीचा कॉम्प्युटरशी फक्त एक्सेलपुरता संबंध. 2003-04 ला सायबर कॅफेत बसून नोटपॅडमध्ये एचटीएमएल शिकलो होतो, टेबलात टेबल घालून पानं बनवायचो, मग सगळं सुटलं. आता मराठवाड्यातल्या बारवांचे फोटो आणि माहिती अशी छोटी साइट हौसेनं करतोय. लॅपटॉपवर झकास दिसते पण मोबाइलवर अख्खं पान मुंगीएवढं होतं, आणि मथळा जरा ऐसपैस दिसावा म्हणून लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जागा) दिलं तर शिरोरेघेचे तुकडे पडले. मुलगी म्हणते बाबा आता सगळे रिअ‍ॅक्टच वापरतात, साइट बनवायची ती जावास्क्रिप्ट लायब्ररी, तेच शिका. खरंच लागतं का?

निवांत_नाशिककर: अजिबात नको. दहा पानांच्या साइटला रिअ‍ॅक्ट म्हणजे कोपऱ्यावरून दूध आणायला ट्रक काढण्यासारखं. पानाच्या हेडमध्ये (कोडच्या सुरुवातीच्या भागात) व्ह्यूपोर्टचा, म्हणजे पान किती रुंद धरायचं ते सांगणारा, मेटा टॅग टाकलायत का? २००३ मध्ये ही भानगडच नव्हती त्यामुळे तुम्हाला माहीत नसणार. तो नसला की मोबाइल पान साधारण 980 पिक्सेल रुंद धरतो आणि दाबून स्क्रीनमध्ये बसवतो, म्हणून मुंगी. विड्थ इक्वल्स डिव्हाइस-विड्थ (रुंदी स्क्रीनएवढी धर), एवढी एक ओळ. मात्र टेबलं काढाच, नाहीतर आता पान आडवं सरकायला लागेल. फोटोंसाठी सीएसएस ग्रिड (आडव्या-उभ्या रांगांत मांडणी करायची पद्धत) शिका, 2017 पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालतं. त्यातल्या ऑटो-फिट आणि मिनमॅक्स या दोन सूचना जमल्या तरी रांगेत किती फोटो बसवायचे ते ब्राउझर स्वतःच बघतो.

काना_मात्रा: लेटर-स्पेसिंग देवनागरीला लावायचंच नाही हो!! शिरोरेघ ही एक सलग रेघ नसते, प्रत्येक अक्षराबरोबर तिचा तुकडा येतो आणि ते शेजारी चिकटतात म्हणून सलग दिसते, मध्ये जागा घातली की फट पडणारच. इंग्रजी टेम्प्लेट उचललं की हा घोळ हमखास होतो (मीही केलाय, वर महिनाभर फॉन्टला शिव्या घातल्या). मथळा मोठा करा, जाड करा, वरखाली मोकळी जागा सोडा. आणि लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) 1.6-1.7 ठेवा, आपल्या वेलांट्या आणि उकार वरखाली जागा खातात, 1.2 ला ओळी एकमेकींच्या उरावर बसतात. फॉन्ट मुक्ता घ्या, फुकट आहे. एचटीएमएल टॅगमध्ये भाषा एमआर (मराठीचा कोड) लिहा, म्हणजे ज्या फॉन्टात मराठी ल आणि श वेगळे दिलेत तिथे हिंदी वळणाचे येणार नाहीत.

बारववेडा: मेटा टॅग टाकला, मुंगीचा माणूस झाला 😄 शिरोरेघपण जुळली. पण पान उघडायला फार वेळ लागतोय.

निवांत_नाशिककर: फोटो थेट फोनमधून चढवलेत ना? 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 बाय 3000 असतो, मोबाइलवर त्यातलं निम्मंसुद्धा दिसत नाही. 1200 रुंदीला आणून वेबपी (कमी जागा घेणारा फोटोचा फॉरमॅट) करा. मूळ फोटो मात्र जपून ठेवा हां. आणि लिंक टाका, बारवा बघायच्यात.