पैसे वसूल झाले का? महागड्या बुफेतले तुमचे अनुभव सांगा

परवा शाळेतल्या आम्ही पाच जणांनी पुण्यातल्या एका पंचतारांकित हॉटेलात रविवारचा ब्रंच केला. माणशी २२०० रुपये, वर कर. आठवडाभर ग्रुपवर फक्त रणनीती चालली होती. 'शनिवारी रात्री नुसता वरणभात', 'सकाळी चहासुद्धा नको', 'पाणी कमी प्या', 'पोळी-भाताकडे ढुंकूनही बघायचं नाही'. साडेबाराला आत शिरलो तेव्हा सकाळपासून कडकडीत उपाशी असलेल्या पाच पन्नाशीच्या माणसांना पहिलं काय दिसलं असेल? पाणीपुरी. तिथेच अर्धा गड पडला.

मग सूप, त्याबरोबर तो मऊ पाव आणि वेगवेगळ्या चवींचं लोणी. एकानं मात्र शिस्त पाळली. त्यानं फक्त कोळंबी खाल्ली. सालं ताटाच्या कडेला नीट ओळीत लावत होता, म्हणजे हिशेब राहतो म्हणे. वेटर ताट उचलायला आला की हा हात आडवा घालायचा. एकवीसपर्यंत पोचला आणि गप्प झाला. पुढचा अर्धा तास बोललाच नाही, नुसता एसीच्या झोतासमोर बसून होता.

आणि आमच्यातला मधुमेहवाला? सगळे काउंटर हिंडून आला, वाटीभर सॅलड खाल्लं, शेवटी दहीभात. पाच जणांचे ११,००० आणि १८ टक्क्यांनी १,९८० कर, एकूण १२,९८०. भागले पाच. दोन हजार पाचशे शहाण्णवचा दहीभात. पैसे देताना तो हसत होता, पण मला काही ते हसणं आवडलं नाही. सारखे वाटे करावेत की त्याला कमी लावावं, हे कुणी बोललंच नाही. म्हणून हा धागा. तुमच्याकडे काय होतं?

* * *

१८ टक्के वाचून कुणी दचकायला नको. साध्या रेस्टॉरंटात ५ टक्केच असतो. हॉटेलच्या खोलीचं भाडं ७५०० च्या वर असेल तर तिथल्या जेवणावर १८. तुम्ही खोली घेतली नाहीत तरी.

* * *

मी हॉटेल मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगला सहा महिने बुफेच्या मागच्या बाजूला काढलेत, तर थोडं तिथलं सांगतो. गिऱ्हाईक तिथे गिऱ्हाईक नसतं, 'पॅक्स' असतं. 'आज एकशेऐंशी पॅक्स' असा निरोप आला की शेफ भाताचा अंदाज बांधायला लागतो. पाणीपुरी, सूप आणि पाव दाराशी असतात ते काही योगायोगानं नाही. भूक कडक असते तेव्हा स्वस्त माल समोर हवा. महाग वस्तू आतल्या टोकाला, आणि तीही लाइव्ह काउंटरवर, म्हणजे वाढणारा हात हॉटेलचा. भातात मोठा डाव ठेवायचा आणि कोळंबीला चिमटा. ताटलीही घरच्या ताटापेक्षा लहान असते, बघा कधी.

पण एकवीस कोळंब्या खाणाऱ्याला हॉटेल घाबरत नाही. दर ठरतो सरासरीवर. तुमच्या कोळंबीवाल्याचं बिल तुमच्या दहीभातवाल्यानंच भरलं, हॉटेलनं नाही.

मला खरा त्रास व्हायचा साडेतीननंतर. बाहेर मांडलेलं अन्न चेफिंग डिशमध्ये, म्हणजे खालून आच असलेल्या भांड्यात, ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे, आणि एकदा मांडलेलं परत आत घ्यायचं नाही. नियम बरोबरच आहे. पण आम्हाला ते खायलाही मनाई होती. अख्खा ट्रे पनीर लबाबदार काळ्या पिशवीत उलटताना पहिल्या आठवड्यात हात अडखळायचा. आमची आजी म्हणायची, खाऊन माजावं, टाकून माजू नये. दुसऱ्या महिन्यात सवय झाली. शेवटच्या अर्ध्या तासात ट्रे लहान होतात तेव्हा 'बघा, संपवत आणलं, कंजूष' असं म्हणू नका एवढंच.

* * *

आम्ही माळकरी, मित्रमंडळी गटारीवाली. दर वर्षी आषाढ संपता संपता मला बार्बेक्यूच्या बुफेला ओढून नेतात. टेबलात शेगडी, तिच्यावर सळया, आणि बाजूला तो छोटासा झेंडा. झेंडा उभा असेपर्यंत वाढणारा येत राहतो, पाडला की थांबतो. बार्बेक्यू नेशन २००६ साली मुंबईत सुरू झालं, तेव्हापासून हा झेंडा आपल्याकडे घराघरांत माहीत झाला असावा.

माझ्या वाट्याला पनीर, मश्रूम, अननस आणि ते कुरकुरीत मक्याचे दाणे. शाकाहारी दर थोडा कमी असतो, पण बिलाच्या वेळी 'जाऊ दे रे, सरसकट भाग' म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपात असतोच. आमच्यात तोच सर्वांत जास्त खातो. यंदा मी झेंडा मुद्दाम पाडला, तीनदा. त्यानं तीनदा उभा केला.

* * *

सरसकट भागाकाराचा प्रश्न आमच्याकडे वेगळ्याच वळणावर गेला. मित्राचा चाळिसावा वाढदिवस, निमंत्रण त्याचं, जागा त्यानं निवडलेली. आम्ही आठ जण गिफ्ट घेऊन गेलो. बिल आलं तेव्हा साहेब म्हणाले, 'टीटीएमएम ना?' तुझं तू, माझं मी. माणशी सोळाशे. माझ्या शेजारच्यानं गिफ्ट हळूच टेबलाखालून परत पिशवीत सरकवलं, ते मी पाहिलं.

त्यात बिलात १० टक्के सेवाशुल्क. हॉटेलचं नाव घेत नाही. मॅनेजर म्हणे, हे सक्तीचं आहे. आमच्यात एक वकील. तिनं शांतपणे सांगितलं की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे आपोआप बिलात लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला त्या सूचना उचलून धरल्या. पाच मिनिटांत नवं बिल आलं. मग तिनं पाचशेची नोट काढून आमच्या टेबलावर वाढणाऱ्या पोराच्या हातात दिली. वाढदिवसवाला म्हणाला, 'मग वाचवलं काय?' त्याला समजावण्यात कुणाला रस नव्हता.

* * *

तोक्योत बुफेला 'बायकिंगु' म्हणतात, म्हणजे व्हायकिंग! इथल्या इम्पीरियल हॉटेलनं १९५८ साली स्कँडिनेव्हियन पद्धतीचं हे जेवण सुरू केलं आणि नाव ठेवलं 'इम्पीरियल व्हायकिंग'. तेच नाव सगळ्या देशाला चिकटलं. स्वस्तातलं हवं असेल तर 'ताबेहोदाई', हवं तेवढं खा, पण घड्याळ लावून. नव्वद मिनिटं, कुठे दोन तास. शेवटची ऑर्डर त्याच्याही आधी.

मी नागपूरचा. आपल्याकडे जेवण म्हणजे गप्पा. पहिल्यांदा जपानी मित्रांबरोबर मांस भाजायच्या ताबेहोदाईत गेलो तर मी आपला लग्नातल्या सावजी जेवणाची गोष्ट सांगून राहिलो, आणि समोरचे दोघं मान डोलावत डोलावत भाजून खाऊन राहिले. माझी गोष्ट संपली तेव्हा वेटरनं कागद ठेवला, 'शेवटची ऑर्डर'. घाईघाईत मी सहा प्लेटा मागवल्या. तिथे बऱ्याच ठिकाणी टाकलेल्याचे वेगळे पैसे लागतात. पंगतीत आपल्या ताटात वाढलेलं दुसरं कुणी संपवून देत नाही, हेच माझ्या डोक्यात. पण त्या दोघांनी एक शब्द न बोलता माझ्या प्लेटा आपल्याकडे ओढल्या आणि संपवल्या. नंतर एक जण स्टेशनच्या बाकावर पाऊण तास बसून होता बाप्पा. मी पाण्याची बाटली आणून दिली. अजूनही तो मला 'सावजी' म्हणून हाक मारतो.

* * *

दुबईतून. इथला 'फ्रायडे ब्रंच' म्हणजे आमची दिवाळी असायची. जानेवारी २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि ब्रंचही बहुतेक शनिवारी सरकला. आमच्यातला एक जण अजून 'फ्रायडे ब्रंच शनिवारी आहे' असा मेसेज टाकतो. बाकी अनुभव हाच, की पाच तऱ्हेचे शिंपले सोडून अख्खं मराठी टेबल डाळ-तडक्याभोवती सापडतं.

* * *

लग्नपत्रिकेवर 'स्वरुची भोजन' छापतात, त्याची मला मनापासून चीड आहे. एका हातात ताट, दुसऱ्यात पाणी, आणि जिलेबी तिसऱ्या हातानं खायची. पंगतीत निदान कुणी 'घ्या हो अजून एक' म्हणायचं. बुफेत आग्रह स्वतःच स्वतःला करावा लागतो. वय ७१, एवढंच लिहायचं होतं.

* * *

आमची दहा जणींची भिशी आहे, ठाण्यात. दर महिन्याचे थोडे बाजूला टाकून वर्षातून एकदा भारीतल्या बुफेला जातो. माणशी अठराशेच्या आसपास. यंदा एक नवी आली होती, माझ्याच इमारतीतली. एकत्र कुटुंब, सासू-सासरे, दीर, त्याची मुलं.

आम्ही सुशी काय, चॉकलेटचं कारंजं काय, फोटो काढत फिरत होतो. ही एकाच काउंटरवर. तंदूरच्या बाजूला एक तरुण मुलगा फुलके भाजून देत होता. ही ताटलीत थोडी डाळ घेऊन जायची, एक फुलका घ्यायची, टेबलावर येऊन बसायची. संपला की परत. आमच्यातली एक, जी हिशेब ठेवते, ती चिडलीच. 'अगं, अठराशे रुपयांत फुलके? घरी काय कमी आहेत?'

ती म्हणाली, 'घरी माझ्या ताटात येईस्तोवर गार होतात.'

मग आम्ही आळीपाळीनं उठलो. तिला उठू दिलं नाही. तव्यावरून ताटात, फुगलेला असतानाच. सात झाले. आठव्याच्या वेळी तो मुलगा स्वतःच घेऊन आला, वर साजूक तूप. तिनं त्याला विचारलं, 'कणकेत दूध घालता का रे?' तो म्हणाला, 'नाही काकू, नुसतं कोमट पाणी. पण तासभर झाकून ठेवतो.' तिनं मान हलवली आणि मोबाईल काढून ते लिहून घेतलं.